गाडीतून दिलेलं आवतण

मी सैन्यात बावीस वर्षं बिनतारी यंत्रांवर काढली. बर्फात, वाळवंटात, एकदा तर अंगात ताप असताना झाडावर चढून एरियल बांधली. कानाला हेडफोन लावायचा आणि खरखरीतून नेमका आवाज वेचून काढायचा, हे माझं काम. त्यामुळे सांगायला लाज वाटते, पण स्वतःच्या गाडीला स्वतःचा फोन जोडायला मला अख्खा रविवार पुरला नाही.

गाडी सेकंडहँड, सांगलीतून घेतलेली. समोर वीतभर पडदा असलेला स्टिरिओ. विकणाऱ्या गृहस्थांनी जाता जाता सांगितलं होतं, "ह्याला फोन जोडून टाका. मग हात न लावता बोलता येतं. हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर." हे वाक्य मला इतकं आवडलं की ते मी गावात येईपर्यंत तीन जणांना ऐकवलं.

रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी करून मी आत बसलो. सैन्यातल्या सवयीनं वही काढली आणि पायऱ्या लिहायला घेतल्या. एक, किल्ली फिरवणे. दोन, फोनमधलं ब्लूटूथ चालू करणे. तीन, वाट पाहणे. तिसऱ्या पायरीवर मी जेवणवेळेपर्यंत होतो. स्टिरिओच्या यादीत आधीच्या मालकाच्या घरातले सात फोन ठाण मांडून बसलेले, आणि माझा आठवा त्यात काही घुसेना. मुलगी दोनदा दारात येऊन बघून गेली.

"पप्पा, द्या इकडं. मी करते."

"मी बावीस वर्षं हेच केलंय."

"ते वायरलेस होतं."

"मग हे काय वायरचं हाय?"

ती आत गेली. मुलगी शहाणी आहे, वाद कुठं सोडायचा ते तिला कळतं. हा गुण तिनं माझ्याकडून घेतलेला नाही.

मग मला वाटलं, दोष माझ्या फोनचा असणार. नाचता येईना अंगण वाकडं. म्हणून बायकोचा फोन मागून आणला. तो मात्र पहिल्याच फटक्यात जोडला गेला. मी खूश होऊन तो तिला परत दिला आणि माझ्या फोनशी झटापट करत बसलो. पाच मिनिटांनी अंगणातून, म्हणजे माझ्याच गाडीतून, एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "आता त्यात दोन चमचे तेल घाला आणि मोहरी तडतडू द्या!" मी दचकून हॉर्न दाबला. आत स्वयंपाकघरात बायको मुक्या फोनवर थापा मारत होती, आणि रस्त्यानं जाणारे दोघं थांबून मला विचारत होते, आज जेवायला काय?

शेवटी मी चहाला आत गेलो आणि परत येऊन बघतो तर माझा फोन जोडलेला. मी वहीत लिहिलं, "चौथी पायरी, यंत्राला थोडी विश्रांती देणे." मी चहा पीत असताना मुलीनं येऊन अर्ध्या मिनिटात तो जोडला होता, हे मला पुढं महिन्यानं कळलं.

आता इथं माझ्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो, माझी मुलगीही. वहिनी गेल्यापासून ते मळ्यातल्या घरात राहतात. मळा गावापासून दोन किलोमीटर, चालत अर्धा तास, गाडीनं चार मिनिटं. मी सीमेवर होतो ती सगळी वर्षं ऊस त्यांनी बघितला, माझं घर त्यांनी बघितलं, आणि मुलीला शाळेत सायकलवरून सोडलं तेही त्यांनीच. बोलायला मोजकं, वागायला ताठ. कोणासमोर अंगात बंडी घालूनही बसणार नाहीत, सदरा चढवूनच बाहेर येणार.

त्याच आठवड्यात मुलीचं लग्न जुळलं. मुलगा माधवनगरचा, माणसं चांगली. पुढच्या गुरुवारी त्यांच्या घरी सुपारी फोडायची ठरली. आमच्या घरात सुपारी थोरल्याच्या हातानं फुटते, आणि थोरल्याला आवतण द्यायचं म्हणजे धाकट्यानं दारात जायचं, हळदीकुंकू लावलेली सुपारी आणि नारळ हातात द्यायचा आणि तोंडानं म्हणायचं, यायला पाहिजे. घर एक असलं तरी हे चुकवायचं नाही. बायकोनं नारळ-सुपारीची पुडी बांधून माझ्या हातात दिली. "आजच मळ्यात जाऊन या." मी पुडी गाडीच्या पुढच्या खणात टाकली आणि विट्याला निघालो, कारण विट्याला काम होतं आणि तीन माणसांना गाडी दाखवायची होती.

गाडीत भावकीतले एक चुलते होते आणि डेअरीवरचे दोघं. कडेपूर मागं पडल्यावर मला राहवेना. "आता बघा," मी म्हटलं, "फोनला हात न लावता बोलतो." आणि कोणाला फोन लावावा याचा विचार करताना मला वाटलं, अरे, दादांचं आवतण राहिलंय. एका दगडात दोन पक्षी.

घंटी वाजली. दादांचा आवाज गाडीभर घुमला. मागचे दोघं पुढं वाकले.

"दादा, गुरवारी माधवनगरला सुपारी हाय. तुमी यायचं बरं का. ओव्हर." हे 'ओव्हर' माझ्या तोंडातून अजून जात नाही.

मग दादा नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "येतो की. येणारच. पण एक इचारायचं हुतं रं तुला. बरं झालं फोन केलास, तोंडावर इचाराय लाज वाटत हुती."

इथं मी सांगायला हवं होतं की गाडीत चार माणसं आहेत. एवढंच वाक्य. मी ते बोललो नाही, कारण आवाज किती स्पष्ट येतोय हे त्या तिघांच्या तोंडावर बघण्यात मी गुंग होतो.

"मला लय तरास हाय लघवीचा," दादा म्हणाले. "अर्ध्या तासाला उतराय लागतं. वाटेत गाडी थांबवशील न्हवं? आन् त्या लोकांच्या घरात सारखं उठून जाणं बरं दिसंल का? काय तरी जमव. पण कुणाला सांगू नगंस."

'कुणाला सांगू नगंस' हे गाडीतल्या सहा स्पीकरांतून आलं. मागच्या एकाला हसू आवरलं नाही. नाकातून फुटलेलं, दाबलेलं हसू, पण स्टिरिओचा माईक चांगला होता.

"कोण हाय रं तिथं?" दादांनी विचारलं.

मी उगाच गिअर बदलला. फोन बंद झाला. पडद्यावर गाण्याचं चित्र आलं आणि गाणं आपोआप सुरू झालं. चुलते म्हणाले, "आवाज मात्र एक नंबर येतो गड्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा डेअरीवर दूध घालायला गेले तेव्हा रांगेतून कोणीतरी म्हणालं, "दादा, अर्धा तास झाला न्हवं?" सगळी रांग हसली. दादांनी किटली खालीही ठेवली नाही. तसेच वळले, घरी गेले, शेजाऱ्याला जनावरांचं सांगितलं आणि पिशवी घेऊन औंधला त्यांच्या मुलीकडं निघून गेले. जाताना निरोप ठेवला, 'सुपारीला माझी वाट बघू नका.'

माझ्या मुलीला हे कळलं तेव्हा ती रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "दादा नसतील तर सुपारी न्हाई. तुमी माधवनगरला तसं कळवा." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. ते नुसतं म्हणणं नव्हतं.

मी काय केलं? मी दादांना फोन केला. अकरा वेळा. दादांचा साधा बटणांचा फोन, तो आधी वाजत राहिला आणि मग बंद झाला. बारावा लावत होतो तेव्हा बायको समोर येऊन उभी राहिली. "आवं, फोननं केलेली घाण फोननं निघंल व्हय? जावा की तिकडं. पाय मोडलंत का?"

तरी मी दोन दिवस जाऊ शकलो नाही. खरं कारण सांगतो, मला भीती वाटत होती. शत्रूच्या तोंडावर एरियल बांधणारा मी, पण थोरल्या भावाच्या तोंडाकडं बघायची वेळ आली तशी माझी पाचावर धारण बसली. शेवटी बुधवारी, सुपारीच्या आदल्या दिवशी, निघालो.

औंधला डोंगरावर यमाईचं देऊळ आणि खाली वस्तीत दादांच्या मुलीचं घर. दादा सोप्यात बसले होते, सदरा घालून. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण हातही वर उचलला नाही. वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरलो आणि म्हणालो, "गाडी आणलीया." जणू ते गाडीचीच वाट बघत होते.

चहा झाला. पुतणीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि कप उचलून आत गेली. बऱ्याच वेळानं दादा म्हणाले, "उद्या माझ्या उसाला टोळी येणार हाय. मळ्यात सोड मला. तुझ्या कार्याला येत न्हाई, ते डोक्यात ठेवू नगंस."

म्हणजे ऊसतोडीच्या निमित्तानं का होईना, माणूस गाडीत बसला. मी देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि गाडी पुसेसावळीच्या रस्त्याला लावली. मी घड्याळावर नजर ठेवून होतो. पंचवीस मिनिटं झाली तशी बाभळीखाली आडोसा बघून गाडी थांबवली.

"का थांबलास?"

"सहज. इंजिन तापलंय जरा."

दादांनी समोरच्या तापमानाच्या काट्याकडं बघितलं. काटा अगदी खाली होता. "मला लागल्याली न्हाई," ते म्हणाले.

मी मुकाट्यानं गाडी सुरू केली. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "थांब." मी थांबलो आणि ते येईपर्यंत दुसरीकडं तोंड करून उसाचे तुरे मोजत बसलो. परत बसताना ते म्हणाले, "इंजिन गार झालं का?" त्यांच्या आवाजात राग होता की थट्टा, मला कळलं नाही. खरखरीतून आवाज वेचणारा तज्ज्ञ!

पुसेसावळी मागं पडली आणि स्टिरिओ वाजला. पडद्यावर मुलीचं नाव. बटण दाबलं आणि ती बोलायच्या आधी मीच ओरडलो, "थांब! दादा शेजारी बसल्यात, फोन गाडीला जोडल्याला हाय, आन् मी पण ऐकतोय."

"बरं," मुलगी म्हणाली. "मला दादांशी एकट्याशी बोलायचंय."

आता फोन गाडीतून सोडवून नुसता कानाला कसा लावायचा, हे मला येत नव्हतं. ती पायरी वहीत नव्हती. मी पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं. आवाज वाढला, मग कमी झाला, मग वारा अंगावर यायला लागला. मुलगी वाट बघत होती, दादा समोर बघत होते. शेवटी मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, "मी उतरतो. तुमी बोला."

दार लावून बाहेर उभा राहिलो, तर काचेतूनही तिचा आवाज येत होता. सहा स्पीकर. एकदा चोरून ऐकवलेलं पुरे झालं होतं, म्हणून मी चालायला लागलो. ऊस दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला स्वतःचं जरा कौतुकही वाटायला लागलं. माणूस सुधारतो, असं मनाशी म्हणत मी चाळीसेक पावलं गेलो असेन, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात कोणीतरी कुजबुजायला लागलं.

फोन माझ्याच खिशात होता. गाडीपासून लांब आल्यावर जोड तुटला होता आणि बोलणं गाडीतून निघून माझ्या खिशात आलं होतं. बिनतारी यंत्राचा टप्पा किती असतो, हे बावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला माणूस तो टप्पा पायी ओलांडून आला होता.

मी फोन काढून कानाला लावला. बंद करायला हवा होता. खोटं कशाला बोलू, ऐकलं.

"...त्यांच्यावर राग धरू नका दादा. त्यांना खरंच वाटतं, फोन केला म्हंजे झालं. मी लहान असल्यापासनं त्यांचा फोनच आलाय. मला कावीळ झाली तवा तुमी उशाशी हुता, त्यांचा फोन आला. धाव्वीचा निकाल बघाय तुमी आला, त्यांचा फोन आला. मला त्यांचा कवा राग न्हाई आला, कारण तुमी हुता तिथं. पण उद्या तुमी नसला ना, तर मला पैल्यांदा त्यांचा राग येईल. आणि मला सासरी जाताना तो न्यायचा न्हाई."

मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. ते फोन मला आठवत होते. पाळी लागावी म्हणून रांगेत तास तास उभा राहायचो, आणि तीन मिनिटांत विचारायचो, अभ्यास करतेस का, आईचं ऐकतेस का. फोन ठेवल्यावर वाटायचं, आजचं बापपण झालं. बराकीत परत जाताना मी शीळ घालायचो.

"दादा? ऐकताय न्हवं?"

मी फोन तोंडाशी धरला. "मी हाय गं."

"तुमी? गाडीतनं उतरला हुता ना?"

"उतरलो. पण फोन घिऊन उतरलो."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं की निदान या वेळेला मी लपवलं नाही. "दादांनी काय ऐकलंच न्हाई मग," ती हळूच म्हणाली.

"मी ऐकलं," मी म्हणालो. "सांगतो त्यांना. तोंडानं."

मी फोन खिशात टाकला आणि माघारी वळलो. चाळीस पावलं ती, पण चालता चालता मला धाप लागली. गाडीत दादा पडद्याकडं वाकून "हॅलो, हॅलो, पोरी" करत होते. मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं, पुढचा खण उघडला आणि इतके दिवस तिथं पडलेली पुडी बाहेर काढली. नारळ होता. सुपारीवरचं कुंकू कागदाला लागून पुसट झालं होतं. मी रस्त्यावरच गुडघे टेकून नारळ आणि सुपारी त्यांच्यापुढं धरली.

"दादा, तुमचं बोलणं मी चार माणसांत उघडं पाडलं. मोठेपणा दाखवाय गेलो. चुकलो मी. लेक माझी, पण तिच्या उशाला तुमी हुता आन् मी फोनवर हुतो. उद्या सुपारी तुमच्या हातानं फुटाय पायजे. तुमी यायला पायजे."

दादा माझ्याकडं बघत राहिले. तेवढ्यात पडद्यावर उजेड झाला आणि सहा स्पीकरांतून नाक ओढल्याचा आवाज आला. मी गाडीजवळ आलो होतो. फोन पुन्हा आपणहून गाडीला जोडला गेला होता, आणि मी तो बंद केलेलाच नव्हता.

"दादा," मी घाईनं म्हणालो, "फोन चालू हाय. ती ऐकतीया सगळं."

दादांनी माझ्या हातातून नारळ घेतला. सुपारी सदऱ्याच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं. मग पडद्याकडं तोंड करून, मळ्यातून हाक मारावी तशा मोठ्या आवाजात म्हणाले,

"ऐकू दे की! पोरी, मी येतोय उद्या. फकस्त तुझ्या बापाला सांग, मला अर्ध्या तासाला उतराय लागतं, गाडी थांबवायची."

"सांगते," मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, "व्हय," आणि या वेळेला 'ओव्हर' म्हणालो नाही.